जुन्या पलटी नांगराची तेलगळती

२०२५ च्या फेब्रुवारीत माळशिरस तालुक्यातल्या एका शेतकऱ्याकडून पन्नास एचपीचा जुना ट्रॅक्टर, दोन फाळी हायड्रॉलिक पलटी नांगर (तेलाच्या दाबानं सिलिंडर फाळ उलटसुलट फिरवतो तो) आणि डंपिंग ट्रॉली असा सगळा संच घेतला. ट्रॅक्टरचं इंजिन, क्लच, टायर सगळं तपासलं, ठीक होतं. नांगराच्या सिलिंडरपाशी मात्र काळं, धुळीनं लिंपलेलं तेल होतं. विकणारे दादा म्हणाले, "जरा पाझरतंय, एक पाईप बदलला की विषय संपला." त्या पाइपापोटी त्यांनी व्यवहारातून पाच हजार सोडले. प्रत्यक्षात गळती बंद व्हायला साडेतेरा हजारांच्या आसपास लागले, आणि त्यातले पाइपाचे पैसे निम्म्याहून कमी. जुनं अवजार घेणाऱ्या बऱ्याच जणांना हेच ऐकायला मिळतं, म्हणून जे जसं झालं तसं लिहून ठेवतोय.

कागदपत्रांचं आधी सांगतो, कारण दुरुस्तीला वेळ मिळाला तो त्यांच्यामुळेच. ट्रॅक्टरवर बँकेचा बोजा होता. कर्ज फिटलेलं, पण आरसीवर नोंद तशीच. ती काढायला बँकेचं ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ लागतो. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०. कायद्यानं विकणाऱ्यानं १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. बँकेत साहेब रजेवर, मग मार्चअखेरची गडबड, असं करत पत्र हातात पडायला वीस मार्च उजाडला. तोवर विमाही जुन्या मालकाच्या नावावर होता, म्हणून ट्रॅक्टर डांबरी रस्त्यावर काढायचा नाही असं घरात ठरलं. दादांनी संच दारात आणून सोडला होता. रानात हरभरा अजून उभा होता, नांगरटीला महिनाभर अवकाश होता. म्हटलं, आता हे तेलाचं बघू.

तेल ठिबकतं ती जागा आणि गळतं ती जागा एक नसते. दाबानं बाहेर पडलेलं तेल पाइपावरून, लोखंडावरून ओघळत सगळ्यात खालच्या टोकाला येतं आणि तिथून टपकतं. आमच्या नांगराचं तेल खालच्या बोल्टवरून टपकत होतं, आणि त्या बोल्टचा हायड्रॉलिकशी काडीचाही संबंध नव्हता. त्यामुळे पहिलं काम पाना घेणं नव्हे, धुणं. डिझेल आणि जुन्या ब्रशनं सगळा चिकटा सैल केला, वरून कपड्याची पावडर, मग फवारणीच्या एचटीपी पंपानं धुऊन काढलं. पाण्याचा झोत सिलिंडरच्या रॉडच्या सीलवर आणि पाईप ट्रॅक्टरला जोडायच्या कपलरच्या तोंडावर सरळ मारायचा नाही, पाणी आत जातं. धुतल्यावर उन्हात पूर्ण वाळू दिलं. ओल्यावर काहीच कळत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या पाइपांवर, नटांवर, सिलिंडरच्या दोन्ही तोंडांवर अंगाला लावायची पांढरी पावडर भुरभुरली. चुलते तात्या ओट्यावर बसून बघत होते. म्हणाले, "नांगराचा साखरपुडा हाय का काय?" पण या पावडरीसारखा स्वस्त उपाय नाही. खडूची पूडही चालते. ट्रॅक्टर मंद आरपीएमवर चालू केला, नांगर जमिनीपासून थोडा वर घेतला आणि लिव्हरनं पलटी मारली. सिलिंडर शेवटाला टेकल्यावर लिव्हर एक-दोन सेकंदच दाबून धरायचा, कारण त्या क्षणी दाब सगळ्यात जास्त असतो आणि बारीक गळती तेव्हाच तोंड उघडते. जास्त वेळ धरलं तर जादा दाब सोडणाऱ्या रिलीफ व्हॉल्व्हमधून तेल फिरत राहतं आणि तापतं. दर पलटीनंतर इंजिन बंद करून बघितलं. पांढऱ्यावर ओल लगेच दिसते.

तीन जागा सापडल्या.

पहिली म्हणजे डाव्या पाइपाच्या मधोमध गुंडाळलेली सायकलची ट्यूब. वरून तार आवळलेली. ट्यूबच्या दोन्ही टोकांना पावडर भिजून राखाडी झाली होती. दुसरी जागा उजव्या पाइपाच्या टोकाला, जिथं रबर संपून लोखंडी फेरूल, म्हणजे टोकावर आवळलेली कडी, सुरू होतं तिथं. तिथं थेंब नव्हता, फक्त फेरूलच्या कडेला चंद्रकोरीएवढी ओल होती आणि प्रत्येक पलटीला ती जरा रुंद होत होती. तिसरी सिलिंडरच्या तोंडावरच्या अडॅप्टरवर, म्हणजे पाइपाचा नट ज्यावर चढतो त्या जोडावर. तिथं नटाभोवती टेफ्लॉन टेपचे धागे लोंबत होते आणि त्यावर एम-सील थापलेलं.

ट्यूबखाली नक्की काय आहे हे बघायला तात्या उठले आणि इंजिन चालू असतानाच पाइपावरून हात फिरवायला निघाले. मी ओरडलोच. गावाकडे सगळेच असं करतात आणि यात हात जाऊ शकतो. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकमध्ये साधारण दीडशे ते दोनशे बार दाब असतो. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून निघणारी तेलाची धार डोळ्याला दिसतही नाही आणि कातडीतून सरळ आत घुसते. सात बार इतका दाबसुद्धा त्याला पुरतो. वरून फक्त टाचणी टोचल्यासारखा ठिपका दिसतो, सुरुवातीला फारसं दुखतही नाही, आणि आत तेल पसरत जाऊन मांस सडायला लागतं. असं कुणाला झालं तर हळद लावून घरी बसायचं नाही. लगेच शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात जायचं आणि "दाबाचं हायड्रॉलिक तेल आत गेलंय" असं स्पष्ट शब्दांत सांगायचं, नाहीतर साधी जखम समजून मलमपट्टी करून पाठवतात. धार शोधायची असेल तर लांब पुठ्ठा धरायचा. आम्ही खताच्या पोत्याबरोबर आलेला जाड पुठ्ठा काठीला बांधला आणि ट्यूबच्या कडेनं फिरवला. पुठ्ठ्यावर तेलाची बारीक रेघ उमटली.

पाईप सोडण्यापूर्वी नांगर जमिनीवर टेकवला, इंजिन बंद केलं, आणि लिव्हर दोन्ही बाजूंना चार-पाच वेळा हलवून आत कोंडलेला दाब काढला. हे केलं नाही तर क्विक कपलर निघत नाही, आणि निघाला तर पुन्हा बसत नाही, त्यात उन्हानं तेल फुगलेलं असलं की आणखीनच. मग लोक कपलरच्या तोंडातल्या बोंडावर हातोडी मारतात. बोंड वाकडं झालं की तो कपलर कायमचा गळका. आमचे दोन्ही तसेच निघाले, बोंडावर हातोडीच्या खुणा होत्या. वर उचललेल्या नांगराखाली किंवा ट्रॉलीखाली नुसत्या हायड्रॉलिकच्या भरवशावर कधी जायचं नाही, हे वेगळं सांगायला नको. ट्रॉलीच्या वेळी आम्ही चेसिसवर बाभळीचे दोन ओंडके आडवे टाकले होते.

मोबाइलवर सगळ्या बाजूंनी फोटो काढले. कोणता पाईप सिलिंडरच्या कोणत्या तोंडाला जातो ते कळावं म्हणून एकाला लाल, एकाला निळी इन्सुलेशन टेप लावली. उघडी तोंडं प्लॅस्टिकच्या पिशवीनं आणि रबरानं बांधली. काळ्या रानातली धूळ आत गेली तर व्हॉल्व्ह आणि पंप दोन्हीची वाट लागते.

ट्यूब कापल्यावर खरं कळलं. पाईप पलटीच्या वेळी हेडस्टॉकच्या, म्हणजे नांगराच्या ट्रॅक्टरकडच्या चौकटीच्या, एका कडेला घासत होता. घासून वरचं रबर गेलं, आतली तारेची जाळी उघडी पडली, आणि कुणीतरी त्यावर ट्यूब बांधली. ट्यूबमध्ये पावसाचं पाणी साचून तारा गंजल्या, तांबूस भुगा हाताला लागत होता. ट्यूब बांधल्यानं गळती थांबत नाही, झाकली जाते.

मग पाइपावरची छपाई चिंध्यानं पुसून वाचली. ही सवय प्रत्येकानं लावून घ्यावी. उजव्या पाइपावर एसएई १०० आर२एटी, ३/८ असं होतं, म्हणजे तीन सुती (आतून इंचाचे तीन अष्टमांश), दोन पदरी तारेचा. पुढं ३क्यू१६ लिहिलेलं, म्हणजे २०१६ च्या तिसऱ्या तिमाहीत बनलेला. हा बहुधा मूळचा. डावा मात्र आर१एटी होता, एकपदरी. कधीतरी बदलताना स्वस्तातला बसवलेला. बाहेरून दोन्ही जवळजवळ सारखेच दिसतात. तीन सुती आर१ चा चालू दाब १८० बार धरतात, आर२ चा ३३० बार. ट्रॅक्टरचा रिलीफच एकशे ऐंशी-दोनशेच्या घरात असेल, आणि फाळ दगडाला अडकल्यावर क्षणभर त्याच्याही वर झटका बसत असेल, तर एकपदरी पाइपाचा जीव तो केवढा. दुकानात "तीन सुती पाईप द्या" एवढंच सांगितलं की बऱ्याचदा आर१ हातात पडतो. "दोन तारेचा, आर२" असं म्हणायचं आणि छपाई स्वतः वाचायची.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात जुने पाईप घेऊन शहरातल्या एका दुकानात गेलो. त्यांनी जुन्या पाइपाच्या लांबीवर नवीन मारून दिला. मी आट्यांचं विचारलं तर म्हणाले, "सगळे सारखेच असतात हो." घरी आल्यावर नट सिलिंडरच्या अडॅप्टरवर ढिलाढिला चढला, दोन-तीन आट्यांनंतर जाम झाला. जोर लावला असता तर चढलाही असता आणि आटे खाऊन बसला असता. पाईप परत घ्यायला दुकान तयार नव्हतं, "प्रेस केलेला माल परत होत नाही." सातशे रुपये गेले.

तेव्हा गावातल्या एका लेथवाल्या मिस्त्रींकडे अडॅप्टर काढून नेलं. त्यांनी व्हर्नियर लावलं, मग आट्यांचा गेज एकेक पातं लावून बघितला, पातं आणि आटे उजेडासमोर धरून. अडॅप्टरचं बाहेरचं माप १६ मिलिमीटरच्या जरासं आत आणि आट्यांतलं अंतर दीड मिलिमीटर. म्हणजे मेट्रिक, एम १६ बाय दीड. पाइपाचा नट तीन सुती बीएसपी, म्हणजे ब्रिटिश मापाच्या आट्यांचा. बीएसपीचा तीन सुती नर साडेसोळाच्या वर भरतो आणि इंचाला १९ आटे, म्हणजे अंतर साधारण १.३४ मिलिमीटर. त्यामुळे नट ढिला चढतो आणि पुढं आटे एकमेकांवर चढून अडकतो. शिवाय तोंडाचा कोनही वेगळा, बीएसपीचा ६० अंशांचा, त्या मेट्रिकचा २४ अंशांचा. धातू धातूवर बसतच नाही. मिस्त्री म्हणाले, "म्हणून तर टेप आणि एम-सील लावलंय. तेल कोनावर अडतं भाऊ, आट्यात नाही." आधीच्या मालकानं आर१ पाईप बसवला तेव्हाच ही विजोड जोडी लागलेली दिसते.

टेफ्लॉन टेपबद्दल माझं मत त्या दिवशी पक्कं झालं. नळाला ठीक आहे. हायड्रॉलिकच्या सरळ आट्यांना त्याचा उपयोग शून्य, आणि त्याचे तुकडे आत जाऊन व्हॉल्व्हमध्ये अडकतात ते वेगळंच. आमच्या डीसीव्हीचा, म्हणजे तेल इकडं-तिकडं वळवणाऱ्या व्हॉल्व्हचा, लिव्हर मधेच अडखळत होता, ते कदाचित यामुळेच.

आता दोन पर्याय होते. मेट्रिक नटाचे पाईप मारून घ्यायचे, किंवा सिलिंडरवरचं अडॅप्टरच बीएसपीचं करायचं. मेट्रिक नट आमच्या भागात सहज मिळेना. मी दुसरा पर्याय घेतला, दोन्ही तोंडांना बीएसपी अडॅप्टर लावली. ऐन हंगामात रात्री पाईप फुटला तर कुर्डुवाडीत, टेंभुर्णीत, कुठंही मिळेल ते माप आपल्या अवजारावर असावं. अडॅप्टर आणि सिलिंडर यांच्यामध्ये डाउटी वॉशर बसवला, म्हणजे लोखंडी कडी आणि आतून चिकटवलेलं रबर. जुना तांब्याचा वॉशर पुन्हा वापरला नाही.

पाइपाच्या लांबीचा प्रश्न राहिला. उजवा पाईप फेरूलपाशी का ओला होतो, याचं उत्तर त्यात होतं. नांगर स्थिर असताना मोजलं तर जुना पाईप बरोबर वाटतो. पण पलटी मारताना सिलिंडरचं टोक फिरतं आणि अर्ध्या फेऱ्यावर पाईप ताणला जातो. प्रत्येक पलटीला फेरूलला हिसका. आम्ही सुतळी घेतली, सिलिंडरच्या तोंडापासून पाइपाच्या वाटेनं कपलरपर्यंत बांधली आणि नांगर हळूहळू पूर्ण पलटवला. सुतळी जिथं ताणली तिथं सैल करत गेलो. शेवटी जुन्या पाइपापेक्षा वीतभर जास्त लांबी निघाली. त्यात दाबाखाली पाईप थोडा आखडतो, आर२ मध्ये चार टक्क्यांपर्यंत, तेही धरलं. वळणही बघितलं. तीन सुती दोनपदरी पाईप साधारण १३० मिलिमीटर त्रिज्येपेक्षा लहान वळणात वाकवायचा नाही. अडचणीच्या जागी सरळ टोकाऐवजी ९० अंशांचं एल्बो टोक घेतलं.

गुढीपाडवा ३० मार्चला होता. त्याआधी दोन दिवस आरटीओचा ऑनलाइन अर्ज भरून, फी भरून, मूळ कागद जमा करून आलो. परतीच्या वाटेत टेंभुर्णीजवळ महामार्गावर जेसीबीचे पाईप मारणाऱ्या एका दुकानात थांबलो. असल्या दुकानांत काम जास्त असतं, माल ताजा असतो आणि मशीन चांगलं असतं. पाइपावरची तारीख बघितली, त्याच वर्षाची होती.

तिथं उभं राहून बघण्यासारखं होतं. पाईप चक्रीनं कापला, लगेच आतून हवा मारली, कारण कापताना तारेचा आणि रबराचा भुगा आत जातो. मग निप्पल, म्हणजे पाइपात घुसणारं लोखंडी टोक, कुठपर्यंत आत जायला हवं त्याची पांढऱ्या खडूनं खूण केली, फेरूल चढवलं, निप्पल दाबलं, खूण आणि फेरूल जुळले का बघितलं. मशीनच्या डायांनी आठ बाजूंनी फेरूल आवळलं. नंतर त्या पोरानं व्हर्नियरनं फेरूलचं माप तपासून वहीशी ताडून पाहिलं. हे शेवटचं बहुतेक ठिकाणी होत नाही. कमी आवळलं तर पाईप निसटतो, जास्त आवळलं तर आतलं रबर चिरतं. एल्बो असल्यानं दोन टोकांचा एकमेकांशी कोन किती हवा हे मी फोटो दाखवून सांगितलं. तो कोन चुकला तर बसवताना पाईप पिळावा लागतो.

नांगराचे दोन पाईप प्रत्येकी साडेनऊशे, ट्रॉलीच्या जॅकचा तीन मीटरचा चार सुती पाईप साडेअठराशे, अडॅप्टर आणि डाउटी वॉशर मिळून सव्वाचारशे, क्विक कपलरच्या दोन जोड्या तेराशे, वरून गुंडाळायचा प्लॅस्टिकचा स्पायरल गार्ड तीनशे. ट्रॉलीच्या पाइपाला गळती नव्हती, पण वाकवल्यावर रबराला भेगा दिसत होत्या. भरलेली ट्रॉली वर असताना तो फुटण्याची वाट बघण्यात अर्थ नव्हता. पक्कं बिल मागून घेतलं. एक तर फेरूल सुटलं तर दाखवायला काहीतरी हवं, आणि दुसरं म्हणजे बिलावर पाइपाचा प्रकार लिहून घेतला की पुढच्या वेळी वाद नाही.

बसवताना दोन पाने हवेत. एकानं अडॅप्टर किंवा निप्पल धरायचं, दुसऱ्यानं नट फिरवायचा. एकाच पान्यानं आवळलं की पाईपही सोबत पिळतो. छपाईची ओळ पाइपावर सरळ धावते का बघायचं. ती गोल फिरली असेल तर पाईप पिळलाय, सोडून पुन्हा बसवायचा. नट हातानं पूर्ण बसेपर्यंत, मग पान्यानं पाव फेऱ्याच्या आसपास. लांब नळी घालून जोर लावला तर कोन दबतो. हेडस्टॉकच्या ज्या कडेवर घासत होतं ती कड मी कानशीनं गोल केली आणि पाइपाला तिथून चार बोटं लांब ठेवणारा क्लॅम्प मिस्त्रींकडून वेल्ड करून घेतला. हे केलं नसतं तर वर्षभरात नवा पाईपही त्याच जागी फाटला असता.

तेलाचा खर्च सगळ्यात मोठा निघाला. डिपस्टिक काढली तर पातळी खालच्या खुणेच्याही खाली, आणि तेल ताकासारखं पांढुरकं. पाणी शिरलेलं. आमच्या ट्रॅक्टरला गिअरबॉक्स, ब्रेक आणि हायड्रॉलिक सगळ्याला एकच तेल आहे, त्यामुळे नुसतं वरून टाकून भागणार नव्हतं. जुनं काढलं, जाळी डिझेलनं धुतली, फिल्टर बदलला साडेचारशेचा, आणि पुस्तिकेत लिहिलेल्या ग्रेडची वीस लिटरची बादली बावन्नशेला आणली. राहिलेलं थोडं तेल दादांनी संचाबरोबर दिलेल्या सीलबंद कॅनमधून भागलं. ज्यांच्या ट्रॅक्टरला ऑइल ब्रेक आहेत त्यांनी साधं हायड्रॉलिक तेल किंवा इंजिन ऑइल ओतू नये, ब्रेक कर्कशतात आणि पुढं प्लेटा जातात.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सगळं जोडून पुन्हा पावडर मारली. मंद आरपीएमवर बऱ्याच पलट्या मारून हवा काढली, पातळी पुन्हा बघितली. बाहेरून सगळं कोरडं. पण नांगर पलटी मारताना अर्ध्यावर रेंगाळायचा, आणि उभा ठेवला की हळूहळू एका बाजूला कलायचा.

म्हणजे आता गळती आतली. अशा वेळी लोक पुन्हा पाईप बदलतात, म्हणून हे नीट सांगतो. तेल बाहेर दिसत नसेल आणि अवजार बसत किंवा कलत असेल तर एकतर सिलिंडरच्या पिस्टनचं सील गेलेलं असतं किंवा व्हॉल्व्हमधून तेल मागं जातं. मिस्त्रींनी नांगर जमिनीवर टेकवून पिन मारून बांधला. सिलिंडरचा रॉड पूर्ण बाहेर काढला, इंजिन बंद करून दाब काढला, रॉडकडच्या तोंडावरचा पाईप सोडला, त्याला प्लग मारला आणि सिलिंडरच्या उघड्या तोंडाखाली डबा ठेवला. मग मंद आरपीएमवर दुसऱ्या बाजूनं हलकाच दाब दिला. सगळे दोन हात लांब. रॉड आधीच शेवटाला आहे, तेव्हा उघड्या तोंडातून तेल यायलाच नको. पण बोटभर धार सुरू झाली, म्हणजे तेल पिस्टनला ओलांडून पलीकडे येत होतं.

सिलिंडर खोलला. पिस्टनचं सील एका बाजूनं खाल्लेलं होतं. सील किटसाठी रॉडचा व्यास, बोअरचा व्यास आणि खाचांची रुंदी लागते, नुसतं नांगराचं नाव सांगून चालत नाही. किट यायला चार दिवस लागले, साडेआठशे रुपये, मजुरी सहाशे. रॉडवर एक बारीक ओरखडा होता, तो मिस्त्रींनी तेलदगडानं गुळगुळीत केला. क्रोम उडालं असतं तर रॉड नव्यानं क्रोम करावा लागला असता आणि हिशेब बराच वर गेला असता. जुना नांगर घेताना रॉड पूर्ण बाहेर काढायला लावून त्यावरून कापसाचा बोळा फिरवावा, धागे अडकले तर तेवढे पैसे कमी करून मागावेत. पाईप स्वस्त असतात, रॉड नाही.

एप्रिलच्या मध्याला नांगरट सुरू केली. हराळीच्या पट्ट्यात नांगर दिवसभर चालवला, संध्याकाळी हातात पुठ्ठा आणि टॉर्च घेऊन एक फेरी. पहिल्या दिवशी एका क्विक कपलरपाशी ओल आली, ती धुळीची होती. जोडण्यापूर्वी दोन्ही तोंडं पुसायची शिस्त ड्रायव्हरला लावावी लागली. त्यानं आधी तोंड वाकडं केलं, पण सीटखाली स्वच्छ फडकं ठेवल्यावर जमलं. सोडल्यावर रबरी टोपणं लावायची, पाईप लोंबता न ठेवता आकड्यात अडकवायचा.

त्या वर्षी वळवानं मेच्या सुरुवातीलाच जोर धरला आणि मान्सूनही महिना संपायच्या आत राज्यात आला. आमची नांगरट त्याआधी आटोपली होती, शेजारच्या दोन शेतकऱ्यांचीही काही एकरं करून दिली. आरसी मेच्या तिसऱ्या आठवड्यात पोस्टानं आली, बोजा निघालेला आणि नाव बरोबर. पिन कोड तेवढा चुकलाय, तो दुरुस्त करायला पुन्हा अर्ज.

डीसीव्हीच्या लिव्हरच्या दांड्यापाशी अजून जराशी ओल येते. थेंब पडत नाही, धूळ चिकटते तेवढीच. त्याची ओ-रिंग मिस्त्रींनी आणून ठेवलीय, पण त्यासाठी सीटमागचं बरंच खोलावं लागतं, म्हणून ते काम पेरण्या उरकल्यावर. तोवर टूलबॉक्समध्ये तीन सुती आर२ चा एक तयार पाईप, दोन डाउटी वॉशर, एक नर कपलर आणि जाड पुठ्ठा ठेवलाय. टूलबॉक्सच्या झाकणाच्या आतून ऑइल पेंटनं लिहून टाकलंय: नांगर ३/८ आर२, दोन्ही टोकं बीएसपी, एक सरळ एक एल्बो, ट्रॉली १/२ आर२, दोन्ही सरळ.